पाच गावांचे गडगे

लॅपटॉपवर मी सहलीचा हिशेब मांडत बसले होते आणि आई शेजारी तांदूळ निवडत होती. भाऊ स्टुटगार्टला असतो. गणपती उरकून आई आणि मी त्याच्याकडे जाणार आहोत, आणि एवढ्या लांब जातोच आहोत तर तिथून चार-पाच दिवस इटलीच्या किनाऱ्यावर, चिंक्वे तेर्रेला जाऊन यायचं, असं आम्हा भावंडांचं ठरलं होतं. मोन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. समुद्रातून सरळ वर गेलेल्या डोंगराच्या कुशीत बसलेली ही पाच गावं, पायवाटांनी एकमेकांना जोडलेली. पडद्यावर मानारोलाचा फोटो उघडा होता, नेहमी दिसतो तोच. खडकावर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली ओढून ठेवलेल्या होड्या, गडद निळं पाणी. आईने चष्मा सावरला आणि पुढे वाकून बघायला लागली. घरांकडे तिचं लक्षच गेलं नाही. घरांच्या मागे डोंगरावर बारीक आडव्या रेघा होत्या, पायथ्यापासून थेट माथ्यापर्यंत. त्यांच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "केवढे गं हे गडगे! दर पावसाळ्यानंतर हे घालतं कोण?" गडगा म्हणजे आमच्या कोकणात दगडावर दगड रचून घातलेली भिंत.

मी म्हटलं, असतील तिथले शेतकरी. ती म्हणाली, "एवढे?" आणि पुन्हा ताटातल्या तांदळाकडे वळली.

प्रश्न माझ्याकडे राहिला.

तोवर आमच्या हिशेबात गडग्यांना जागा नव्हती. आम्ही पैसे आणि मिनिटं मोजत होतो. स्टुटगार्टहून झ्युरिक, झ्युरिकहून आल्प्सच्या पोटातून मिलान, मिलानहून ला स्पेत्सिया. ला स्पेत्सिया हे नौदलाचं मोठं शहर, तिथे खोली स्वस्त मिळते. तिथून पाचही गावांना थांबत लेवांतोपर्यंत जाणारी लोकल आहे आणि दोन गावांमधलं अंतर बोगद्यातून मिनिटांत संपतं. त्यामुळे सगळ्यांचा सल्ला एकच: सकाळी लवकर गाडी पकडा, एकेका गावात तासभर द्या, संध्याकाळपर्यंत पाचही 'होतात', खोलीचे पैसे वाचवा आणि रात्रीच फ्लोरेन्स गाठा. आमच्या एका चुलतभावाने तसंच केलं होतं आणि त्याने स्वतःचं वेळापत्रक मला मोठ्या प्रेमाने पाठवलंही होतं. त्यात प्रत्येक गावापुढे एक वेळ लिहिली होती आणि वेळेपुढे फोटो कुठून चांगला येतो ती जागा. स्वस्तात बसत होतं, सुटसुटीत होतं, आणि आईने ते वाक्य म्हटलं नसतं तर मी त्यात थोडा फेरफार करून तेच कायम केलं असतं.

माझं आजोळ गुहागरकडचं. घराला आगर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग, आणि आगराला चारी बाजूंनी गडगा. पाऊस उघडला, शेतातली कापणी झाली की कुठे ना कुठे गडगा ढासळलेला असायचाच. मुख्यतः वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूला, कारण पावसाळाभर तिकडून पाणी ढकलत असतं. आधी भिंतीला पोट यायचं आणि एखाद्या रात्री ते फुटायचं. मग तात्या यायचे. तात्या आमच्या नात्यातले नव्हते, पण गावात सगळेच त्यांना तात्या म्हणायचे. ते आले की पहिल्यांदा पडलेले दगड नुसते मोकळे करून पसरायचे, थोरले एकीकडे, मधले एकीकडे, कपच्या एकीकडे. त्या कामाला अख्खी सकाळ जायची आणि आजोबा अस्वस्थ व्हायचे, पण तात्यांना घाई करायची कुणाची छाती नव्हती. ओल्या जांभ्याचा आणि कुजलेल्या पानांचा वास सुटलेला असायचा. दगडाखालून गोगलगायींचे रिकामे शंख निघायचे, कधी विंचू निघायचा आणि आम्ही मुलं किंचाळत मागे व्हायचो. मग तात्या एक दगड उचलायचे आणि दोन्ही हातांत फिरवत राहायचे. प्रत्येक दगडाला तोंड असतं, ते सापडेपर्यंत त्याला जागा द्यायची नाही, असा त्यांचा नियम. खाली मोठे धोंडे, दोन रांगांत, मधल्या पोकळीत लहान दगडांची भर. थोडं वर आलं की एक लांबट दगड आडवा टाकायचा, तो दोन्ही रांगांना धरून ठेवतो. भिंत जराशी आत कललेली हवी. दगड बसला की त्यावर टाच आपटून बघायची. नीट बसलेला दगड जाड, ठस्स आवाज करतो. बसला नसेल तर खुळखुळतो. खुळखुळला की तात्या हात मागे करायचे, आणि भावाने किंवा मी त्या हातावर कपची ठेवायची. कुठल्या मापाची हे ते सांगायचे नाहीत. आपण ओळखायची. चुकीची दिली तर काही न बोलता खाली ठेवून पुन्हा हात मागे.

चुना नाही, सिमेंट नाही. मी एकदा विचारलं होतं की मातीने लिंपत का नाही. पाण्याला जायला वाट नको का, असं तात्या म्हणाले होते. अडवलेलं पाणी भिंत घेऊन जातं. फटींतून झिरपू दिलं तर माती मागे राहते आणि पाणी निघून जातं.

चिंक्वे तेर्रेच्या डोंगरावरच्या रेघाही अशाच कोरड्या भिंती आहेत. वालुकाश्माचे तुकडे, मागे बारीक दगडांची भर, चुन्याचा थेंब नाही. लिगुरिया प्रांताच्या या पट्ट्यात सपाट जमीन मुळात नव्हतीच, म्हणून लोकांनी जवळजवळ हजार वर्षं डोंगर खणून, दगड फोडून, त्याच दगडांच्या भिंती रचून आणि भिंतींमागे टोपल्यांनी माती भरून जमीन तयार केली. एकेक पायरी जेमतेम काही हात रुंद. त्यावर द्राक्षं, वरच्या अंगाला ऑलिव्ह, मधूनच लिंबं. या भिंतींची एकूण लांबी हजारो किलोमीटरच्या घरात जाते. 1997 साली युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशात घेतला, त्याचं कारण ही माणसांनी रचलेली जमीन होती. रंगीत घरं त्या जमिनीच्या आधाराने उभी राहिलेली. 1999 साली राष्ट्रीय उद्यान झालं. 3,868 हेक्टरचं, इटलीतलं सगळ्यात लहान. आणि 2018 साली कोरड्या भिंती रचण्याची विद्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, इटलीसह आठ देशांच्या नावाने. ही यादी वाचताना मला तात्यांचा मागे केलेला हात दिसत होता आणि बरंही वाटत होतं, वाईटही वाटत होतं. त्या कामाला कुणीतरी विद्या म्हटलं म्हणून बरं. एखादं काम यादीत जपून ठेवावं लागतं तेव्हा ते करणारे हात बरेचसे उठून गेलेले असतात, म्हणून वाईट.

ते कसे उठून गेले, हे वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबत होते, कारण ती कोकणातलीच हकिगत वाटावी इतकी ओळखीची होती. पूर्वी या गावांना यायला खेचराची वाट किंवा होडी, एवढेच दोन मार्ग. 1874 साली जेनोआपासून ला स्पेत्सियापर्यंतची रेल्वे पुरी झाली. त्याआधी पाच वर्षं ला स्पेत्सियात नौदलाची मोठी गोदी सुरू झालेली होती. डोंगरावर वर्षभर पाठ मोडून जे हाती यायचं त्यापेक्षा गोदीतला पगार पक्का. तरुण गाडीत बसून निघाले. आमच्याकडे गिरण्यांनी जे केलं ते तिकडे गोदीने केलं. मळे म्हाताऱ्यांकडे आणि बायकांकडे राहिले, पुढे त्यांनाही झेपेना. मग पर्यटक आले, आणि मळ्यात राबण्यापेक्षा घरातली एक खोली भाड्याने देणं सोपं झालं. त्यात त्यांची काय चूक? आमच्या मामांनी डोंबिवलीत घर केलं तेव्हा त्यांची तरी काय चूक होती? घर गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. तात्यांचे मुलगे लोट्याच्या कारखान्यात लागले, नातवंडं चिपळूणला शिकतात. वहाळाकडचा गडगा पडला तो पडलाच. तिथे आता सिमेंटचे खांब आणि तार आहे. तारेखालून माती दर पावसात थोडी थोडी वहाळात जाते. आईने फोटोत रेघा बघितल्या तेव्हा तिला हा तुटका कोपरा दिसला असणार. ती तसं बोलली नाही, मी विचारलंही नाही.

कोरडी भिंत सोडून दिली की काय होतं, ते व्हेर्नात्साने 25 ऑक्टोबर 2011 रोजी बघितलं. त्या दुपारी काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. गावाचा मुख्य रस्ता म्हणजे खरं तर ओढ्यावर घातलेलं छप्पर. वरून दुकानं, खालून ओढा. डोंगरावरून पाणी, माती, दगड, झाडं, गाड्या असं सगळं त्या एका घळीतून उतरलं आणि रस्ता पहिल्या मजल्यापर्यंत चिखलाने भरून गेला. व्हेर्नात्सात तीन माणसं गेली. शेजारच्या मोन्तेरोस्सोत दुसऱ्यांना वाचवायला धावलेला एक स्वयंसेवक वाहून गेला. रस्ते आणि रेल्वे तुटल्यामुळे लोकांना समुद्रातून होड्यांनी बाहेर काढावं लागलं. नंतर अभ्यास झाले तेव्हा दिसलं की ज्या उतारांवरची शेती सोडून दिलेली होती आणि भिंती पडायला आल्या होत्या, तिथे दरडी जास्त सुटल्या. हे वाचताना मला 22 जुलै 2021 चं चिपळूण आठवत होतं. मावशीच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आलेलं वाशिष्ठीचं पाणी, आणि ते ओसरल्यावर कपाटातल्या साड्यांच्या घडीघडीत बसलेला तो गुळगुळीत, गार, घाण वास येणारा गाळ. कितीही धुतलं तरी कापड वाळलं की हाताला रवाळ लागायचं. मावशी एकेक साडी झटकून बघायची आणि बाजूला ठेवायची. त्यामुळे व्हेर्नात्साच्या बंदरावरचे फोटो मी आता निराळ्या डोळ्यांनी बघते. त्या देखण्या चौकात बसून कॉफी प्यायची असेल तर तिथल्या भिंतीवर गाळ कुठवर आला होता ते मला आधी विचारावंसं वाटेल.

आता हिशेबाकडे येते, कारण सहल स्वस्तातच करायची आहे, त्यात बदल नाही. आईच्या पेन्शनचे आणि माझ्या पगाराचे पैसे आहेत. भावाकडे राहणार असल्यामुळे मोठा खर्च वाचतो. जास्त दिवस जर्मनीत, म्हणून शेंगेन व्हिसा जर्मनीकडूनच घ्यायचा, त्यावर इटली चालते. व्हिसाचे माणशी 90 युरो, शिवाय किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. हे खर्च टळणारे नाहीत. टळणारे खर्च पुढे सुरू होतात, आणि तिथेच मी चुलतभावाचं वेळापत्रक बाजूला ठेवलं.

पहिली गोष्ट, एका दिवसात पाच गावं नकोत. या पाचही गावांत मिळून चार हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि वर्षाला लाखोंनी लोक येतात. त्यातले बरेचसे सकाळी ला स्पेत्सियात क्रूझच्या जहाजावरून उतरतात आणि संध्याकाळी परत जहाजावर. अकरा ते चार या वेळात फलाटावर पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. असं येणारा माणूस तिथे फार तर एक आइस्क्रीम घेतो, पण रस्ता, नळ, संडास, कचऱ्याचा डबा सगळं वापरतो. मला त्या गर्दीत आईला न्यायचं नाही आणि त्या गर्दीत आमच्या तिघांची भरही घालायची नाही. म्हणून मुक्काम करायचा. पाच गावांतली खोली परवडत नाही, ला स्पेत्सिया स्वस्त आहे, पण मी लेवांतो निवडलं. मोन्तेरोस्सोच्या शेजारचं स्टेशन, साधं राहतं गाव, समोर मोठी पुळण, स्वयंपाकघर असलेली खोली मिळते. स्वयंपाकघराला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. आई सकाळी स्वतःच्या हातचा चहा प्यायली की दिवसभर कुठेही येते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी आणि वाटा. दिवसभराचं एक कार्ड मिळतं, त्यात लेवांतो ते ला स्पेत्सिया लोकलचा कितीही प्रवास, पैसे देऊन जायच्या पायवाटा, गावातल्या छोट्या बसगाड्या आणि स्टेशनवरचे संडास येतात. किंमत दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलते, त्यामुळे शनिवार-रविवार टाळायचा. पैसे लागतात ते मोन्तेरोस्सो ते व्हेर्नात्सा आणि व्हेर्नात्सा ते कोर्निल्या या समुद्राकाठच्या वाटांना. वरच्या अंगाच्या वाटांना काहीच लागत नाही. प्रत्येक गावाचं एक देवस्थान वर डोंगरात आहे, आणि गावातून देवळापर्यंत जुनी दगडी पाखाडी जाते. त्या पाखाड्या आजही सगळ्यांना मोकळ्या. भावाला रिओमाज्जोरेहून डोंगरमाथ्याने पोर्तोव्हेनेरेपर्यंतचा मोठा पल्ला मारायचा आहे, तोही फुकट, फक्त पाय हवेत. कार्डावरचे पैसे वाचवावेत असं मात्र मला आता वाटत नाही. वाटेवरची दरड काढायला आणि कठडा लावायला ते लागतात. रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रेमिकांची म्हणून प्रसिद्ध असलेली वाट, रेल्वेच्या कामगारांनी कड्यात कोरलेली, जेमतेम किलोमीटरभराची. 2012 साली तिच्यावर दगड कोसळून चार पर्यटक जखमी झाले आणि ती बंद झाली, ती पुरती उघडायला 2024 उजाडलं. कड्यावर जाळ्या बांधत, खडक बांधून घेत एवढी वर्षं गेली. तिला कार्डाव्यतिरिक्त आणखी वेगळं तिकीट आहे आणि वेळ राखावी लागते. महाग म्हणून लोक कुरकुरतात. मी ते तिकीट काढणार आहे. वाट सपाट आहे, आई आरामात चालेल, आणि एका कड्याला किती धरून ठेवावं लागतं ते तिथे दिसेल.

आईच्या गुडघ्यांचा विचार सगळ्यात जास्त केला आहे. कोर्निल्या हे पाचातलं एकटं गाव जे समुद्रावर नाही, वर टेकाडावर आहे, आणि स्टेशनवरून तिथे जायला विटांचा नागमोडी जिना. पावणेचारशेच्या वर पायऱ्या. पर्वतीच्या 103 आई अजून चढते, मध्ये एकदा बसून. कोर्निल्याला बस घेऊ. चपलांचाही प्रश्न होता. 2019 पासून डोंगरवाटांवर स्लिपर-सँडल घालून आलेल्यांना दंड होऊ शकतो, कारण सारखी माणसं घसरत होती आणि त्यांना उचलून आणायला पथकं धावत होती. आईने जन्मात बूट घातले नव्हते. लक्ष्मी रस्त्यावर तीन दुकानं हिंडून एक मऊसा, राखाडी रंगाचा जोड मिळाला. आता ती तो घालून रोज संध्याकाळी तळजाईवर जाते आणि परत आल्यावर बूट उन्हात ठेवावेत तसे गॅलरीत मांडून ठेवते. तिच्यासाठी मला सगळ्यात आवडलेली वाट पाच गावांच्या बाहेरची आहे. लेवांतोहून बोनास्सोलाला जुन्या रेल्वेचे बोगदे आहेत. रूळ डोंगरात आत हलवल्यावर ते रिकामे झाले आणि तिथून आता चालायची आणि सायकलची वाट केली आहे. आत गार, अंधूक. मध्येच बोगदा सुटतो आणि डाव्या हाताला एकदम समुद्र येतो. चढ नाही, पैसेही नाहीत.

खाण्याची चिंता आईला आहे, मला नाही. लिगुरियाची माणसं गरिबीतून आलेलं जेवण जेवतात आणि त्यात मांस मुळात कमी. सकाळी बेकरीतून फोकाचा, म्हणजे चपटा पाव, तेलाने चमचमणारा, वर जाड मीठ. फारिनाता म्हणून एक प्रकार आहे: चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, रुंद तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, कडेने करपून कुरकुरीत झालेलं. म्हणजे धिरडंच, हळद-कांद्याशिवायचं. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "मिरची नेऊ आपण." दुपारचं असं हातात धरून खायचं, रात्री खोलीवर खिचडी. बसून जेवलं की बिलात माणशी बैठकीचे वेगळे पैसे लागतात, त्यामुळे हॉटेलात जेवण एकदाच. ते मात्र नीट.

आणि एक खर्च नव्याने घातला आहे. तिथे शाक्केत्रा म्हणून गोड वाइन होते. बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेंतिनो ही द्राक्षं सप्टेंबरात तोडतात, सावलीत वाऱ्यावर जाळ्यांवर पसरून ठेवतात आणि अर्धी सुकली की नोव्हेंबराच्या सुमाराला हाताने दाणे सोडवून गाळतात. पाटीभर द्राक्षांतून जरासा रस. म्हणून ती लहान बाटलीत मिळते आणि आमच्या हिशेबाच्या मानाने भलतीच महाग. आमच्यात पिणारा एक भाऊच. पण मळा राखणाऱ्याच्या हाती थेट पैसे जायचा हाच एक सरळ रस्ता मला दिसतो. गडगा उभा राहतो तो त्यामागच्या मातीत कुणी काही पिकवत असेल तरच, हे आजोबांच्या आगराने मला शिकवलं आहे. तारीखही त्यामुळेच नक्की झाली. मी आधी एप्रिल-मे म्हणत होते, पण सप्टेंबर हा तोडणीचा महिना. उतारावर एकाच रुळावरून दातेरी चाकाने चढणाऱ्या छोट्या गाड्या बसवल्या आहेत, तोडलेली द्राक्षं त्यांतून उतरवतात. पूर्वी ती पाठीवरून आणि डोक्यावरून यायची. ती गाडी चालताना बघायची तर सप्टेंबरातच जायला हवं. बाबांचं पक्षातलं पान मात्र चुकवायचं नाही असं आईने सांगितलं, म्हणून ती तिथी इथे करून निघायचं. तोडणीचा शेवट तरी मिळेल अशी आशा आहे. ऑक्टोबराच्या आत परतायचं, कारण नंतर पावसाचे इशारे सुरू होतात आणि इशारा असला की वाटा बंद करतात.

मानारोलाहून वर वोलास्त्रा या वस्तीला बस जाते. देवस्थान तिथेच आहे, आणि तिथून कोर्निल्याकडे जाणारी वाट सुरुवातीचा बराच वेळ मळ्यांतूनच, जवळजवळ सपाट जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला भिंत, खांद्याइतकी उंच. नकाशात बघितल्यावर मी आईला तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिलं: काही म्हातारे शेतकरी घालतात, काही परत आलेले तरुण, उद्यानाने शिकवणीचे वर्ग काढले आहेत, सुट्टीत बाहेरून येऊन दगड रचणारेही आहेत. तरी पुष्कळ डोंगर रानात गेला आहे. फोटोत हिरवं दाट दिसतं ते झाडीखाली गेलेले गडगेच. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मजुरी काय देतात?" ते मला सापडलेलं नाही. तिथे कुणी भेटलं तर ती विचारणार आहे, भाषेचं काय ते भावाने बघायचं.

व्हिसाच्या भेटीची तारीख अजून लागलेली नाही. लेवांतोची खोली रद्द करता येण्याच्या बोलीवर घेऊन ठेवली आहे. झ्युरिक-मिलानची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात, पण व्हिसाआधी काढायला आई तयार नाही. भावाचा काल फोन होता, तो म्हणतो ताई, वोलास्त्राला अख्खी सकाळ कशाला, तासाभरात तिथून पुढे निघू. त्याला आज सांगायचं आहे की त्याने चालत कोर्निल्या गाठावं आणि दुपारी बसने आम्हाला न्यायला यावं. आई आणि मी सकाळभर तिथेच असू.